वणात रुजलेला गर्भ

मी डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. तेव्हा शस्त्रक्रियेसारख्या विषयावर मी बोलायला बसावं, हा थोडा आगाऊपणाच आहे. पण काही विषय आपण निवडत नाही, ते आपल्या दारात येऊन बसतात. हा विषय माझ्या थोरल्या बहिणीच्या दारात येऊन बसला आणि तिथून माझ्याकडे आला. त्यानंतर मी तो डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतला. जे समजलं ते आपल्या साध्या भाषेत सांगतो. कारण ते वेळेवर माहीत असण्याने एखादीचा जीव वाचतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझी भाची तालुक्याच्या गावी राहते. पहिला मुलगा चार वर्षांचा, तो सीझर करून झालेला. पुन्हा दिवस राहिले. पाळी चुकून तीन आठवडे झाले असतील-नसतील तोच थोडं थोडं अंगावरून जायला लागलं. पोटात फारसं दुखत नव्हतं. जवळच्या दवाखान्यात पोटावरून सोनोग्राफी झाली. गर्भ पिशवीत खालच्या बाजूला दिसतोय, तो पडायच्या वाटेवर आहे, उद्या सकाळी क्युरेटिंग करून पिशवी साफ करून टाकू, असं सांगण्यात आलं. आपल्याकडे ही गोष्ट काही नवी नाही. घरातल्या बायकांनी हळहळ व्यक्त केली आणि सकाळी दहाची वेळ ठरली.

सकाळी कपडे बदलायला लावताना तिथल्या एका वयस्कर सिस्टरची नजर भाचीच्या ओटीपोटावरच्या जुन्या टाक्यांच्या रेघेवर गेली. त्या म्हणाल्या, “पोरी, तुझं पहिलं सीझर आहे का? डॉक्टरांना सांगितलंस?” तिने सांगितलं नव्हतं. तिला कुणी विचारलंही नव्हतं. सिस्टर तशाच आत गेल्या. डॉक्टर बाहेर आले, आदल्या दिवशीचा रिपोर्ट पुन्हा पाहिला आणि म्हणाले, “इथं हात लावायला नको. जिल्ह्याच्या ठिकाणी घेऊन जा, आणि आत्ताच जा.” न विचारण्याची चूक त्यांची होती, पण वेळेवर थांबण्याचा मोठेपणाही त्यांचाच होता. दोन्ही सांगितलं पाहिजे.

जिल्ह्याच्या रुग्णालयात योनिमार्गातून सोनोग्राफी केल्यावर कळलं की गर्भ पडायच्या वाटेवर नव्हताच. तो सीझरच्या जुन्या वणात रुजला होता. सात आठवडे झालेले, हृदयाचे ठोके सुरू. आणि गर्भ व मूत्राशय यांच्यामध्ये पिशवीची जी भिंत असते ती जेमतेम दोन मिलिमीटर उरलेली. त्या सकाळी क्युरेटिंग झालं असतं तर काय झालं असतं, ते तिथल्या डॉक्टरबाईंनी केसपेपरच्या मागे चित्र काढून आम्हाला समजावलं. तेच चित्र आता मी शब्दांत काढायचा प्रयत्न करतो.

गर्भाशय म्हणजे उलट्या टांगलेल्या पेरूएवढी, जाड स्नायूंची पिशवी. रुंद भाग वर, निमुळता भाग खाली. गर्भ एरवी वरच्या रुंद भागात, आतल्या मऊ अस्तरात रुजतो. सीझर करताना मात्र छेद घेतात तो खालच्या बाजूला, पुढच्या भिंतीवर, मूत्राशयाच्या अगदी मागे. बाळ बाहेर काढून तो छेद शिवला जातो. बहुतेकींची ती जखम चांगली भरते. काहींच्या बाबतीत मात्र भिंत तिथे पातळ राहते आणि आतल्या बाजूने एक लहानशी खोबण तयार होते. पुढच्या गर्भारपणात क्वचित कधी गर्भ नेमका त्या खोबणीत जाऊन बसतो.

नळीत राहिलेल्या गर्भाविषयी आपण ऐकलेलं असतं. वैद्यकीय मराठीत त्याला अस्थानी गर्भ म्हणतात. जागा चुकलेला. वणातला गर्भही जागा चुकलेलाच, पण तो पिशवीच्या आत असल्यामुळे पाहणाऱ्याला फसवतो. नळीतला गर्भ वाढू शकत नाही. हा वाढू शकतो आणि खरी पंचाईत तिथेच आहे. वणाच्या जागी मऊ अस्तर जवळजवळ नसतं. त्यामुळे वारेची मुळं थेट वणात आणि भिंतीच्या स्नायूत शिरतात. भिंत आधीच पातळ. ती फाटू शकते. पुढे मूत्राशय असतं, मुळं तिथवरही पोचू शकतात.

आता क्युरेटिंगचा धोका. बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर रक्तस्राव आपोआप कसा थांबतो, याचा आपण कधी विचार करत नाही. गर्भाशयाचा स्नायू आवळला जातो आणि त्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या पिळल्यासारख्या बंद होतात. निसर्गाने बांधलेली ती गाठच असते. पण वणाच्या जागी स्नायू नसतो, नुसता जोड असतो. जोड आवळला जात नाही. तिथे रुजलेला गर्भ आंधळेपणाने खरवडला, तर उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या मिटत नाहीत. रक्त थांबत नाही, कधी भिंतीला भोक पडतं. लहान गावात, रक्ताची सोय नसताना असं झालं तर जीव वाचवायला पिशवी काढून टाकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. तेही वेळ मिळाला तर. मेडिकलच्या दुकानातून परस्पर गर्भपाताच्या गोळ्या आणून घेण्यातही हीच भीती आहे. गोळी घेणारीला आपला गर्भ कुठे बसला आहे हे ठाऊक नसतं.

हा आजार वैद्यकाच्या पुस्तकात फार जुना नाही. त्याची पहिली नोंद १९७८ सालची, दक्षिण आफ्रिकेतली. पुढची कित्येक वर्षं तो दुर्मीळ समजला जाई. अजूनही तो रोज दिसणारा नाही. साधारण १८०० ते २५०० गर्भारपणांमागे एक, असा अंदाज दिला जातो. पण तो वाढतो आहे, आणि कारण उघड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये आपल्या देशात १०० बाळंतपणांत साडेआठ सीझर होत. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण साडेएकवीसवर गेलं. खासगी रुग्णालयांत तर ते ४७ च्या वर होतं. महाराष्ट्रात त्या पाहणीत साधारण दर चौथं बाळंतपण सीझरचं होतं. सीझर वाढली की वण वाढणार, आणि वण वाढले की त्यात कधीतरी गर्भ रुजणार.

इथे कुणी गैरसमज करून घेऊ नये. सीझर ही वाईट गोष्ट नाही. माझ्या भाचीचा मुलगा आज शाळेत जातो तो सीझरमुळेच. ज्युलियस सीझर असाच जन्मला म्हणून हे नाव पडलं असं सांगतात, पण ते काही खरं दिसत नाही. त्याची आई पुढे बरीच वर्षं जगली, आणि त्या काळी पोट कापलेली बाई जगत नसे. लॅटिनमधल्या ‘कापणे’ या क्रियापदावरून हा शब्द आला असावा, असं जाणकारांना वाटतं. पुढे कितीतरी शतकं या शस्त्रक्रियेत बहुतेक बायका दगावत, कारण गर्भाशयाचा छेद शिवायचाच नाही अशी रीत होती. १८८२ साली माक्स झेंगर या जर्मन डॉक्टरांनी तो काळजीपूर्वक शिवण्याची पद्धत मांडली आणि बायका जगू लागल्या. म्हणजे ज्या शिवणीबद्दल आपण बोलतो आहोत, तिने असंख्य आया वाचवल्या आहेत. प्रश्न शिवणीचा नाही. ती शिवण आहे हे विसरण्याचा आहे.

डॉक्टरबाई आम्हाला हे समजावत होत्या तेव्हा माझ्या बहिणीने, आपाने, मध्येच विचारलं, “डॉक्टर, ठोके सुरू आहेत म्हणता. मग त्याला तिथून अलगद उचलून वरच्या जागी ठेवता येत नाही का?” खोलीत कुणी बोललं नाही. एवढं शिकलेल्या माझ्या मनातही तोच प्रश्न होता, पण विचारायचं धाडस तिने केलं. डॉक्टरबाई हसल्या नाहीत की वैतागल्या नाहीत. म्हणाल्या, “नाही हो. एकदा रुजलेला गर्भ उचलला की त्याची मुळं तुटतात. रोप काढून दुसरीकडे लावता येतं, हे नाही लावता येत.”

मग आपाने दुसरा प्रश्न विचारला. आहे तसंच राहू दिलं तर? त्याचंही उत्तर त्यांनी स्पष्ट दिलं. असे काही गर्भ वाढतात, क्वचित बाळ जिवंत हातातही येतं. पण वार भिंतीत घट्ट रुतून बसते, ती सुटत नाही, आणि बाळंतपणाच्या वेळी किंवा त्याआधीच भयंकर रक्तस्राव होतो. पुष्कळ वेळा पिशवी काढावी लागते. आईचा जीवही जाऊ शकतो. म्हणून अमेरिकेतल्या ‘सोसायटी फॉर मॅटर्नल-फीटल मेडिसिन’ या तज्ज्ञांच्या संस्थेने २०२० साली आणि पुन्हा २०२२ साली दिलेला सल्ला असा आहे की अशा वेळी वाट पाहत बसू नये. आणि सगळं समजूनही एखादीने गर्भ ठेवायचं ठरवलंच, तर मोठ्या रुग्णालयात देखरेखीखाली राहावं आणि चौतीस ते छत्तीस आठवड्यांच्या दरम्यान सीझर करून घ्यावं. निर्णय शेवटी तिचा.

आता उपायांकडे येऊ. पहिली गोष्ट अशी की सगळ्यांसाठी एकच उत्तम उपाय असा नाही. किती आठवडे झाले, ठोके आहेत का, गर्भ कुठल्या दिशेने वाढतो आहे, पुढची भिंत किती मिलिमीटर उरली आहे, रक्तस्राव सुरू आहे का, पुढे मूल हवं आहे का आणि त्या रुग्णालयात कुठलं कौशल्य व कुठली यंत्रं आहेत, यावर सगळं ठरतं. गर्भाची दिशा फार महत्त्वाची. काही गर्भ वणात रुजून आत, पिशवीच्या पोकळीकडे वाढतात. काही बाहेर, मूत्राशयाकडे वाढतात. पहिल्या प्रकारात आतून जाऊन काम होऊ शकतं. दुसऱ्यात बहुधा बाहेरून जावं लागतं.

आतून करण्याच्या दोन पद्धती. एक म्हणजे सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पाहत, बारीक नळीने ओढून गर्भ काढणं. इथे खरवडत नाहीत, ओढून घेतात, आणि नळीचं टोक कुठे आहे ते सतत डोळ्यांसमोर असतं. आंधळं क्युरेटिंग आणि हे, यांत हाच मोठा फरक. गर्भ लहान असेल, आतल्या बाजूला वाढत असेल आणि भिंत पुरेशी जाड असेल तर ही पद्धत उपयोगी पडते. रक्त येऊ लागलं तर लघवीसाठी वापरतात तसली फुगा असलेली नळी आत सारून फुगा फुगवतात. स्नायू जे करू शकत नाही ते काम, म्हणजे दाबून धरण्याचं, तो फुगा करतो.

दुसरी पद्धत हिस्टरोस्कोपी. योनिमार्गातून बारीक दुर्बीण पिशवीत घालतात. गर्भ वणाला कुठे चिकटला आहे ते सर्जन प्रत्यक्ष पाहतो, तो अलगद सोडवतो आणि रक्त येणाऱ्या वाहिन्या तिथल्या तिथे विजेच्या उष्णतेने बंद करतो. पोटावर छेद नाही, बरं व्हायला वेळ कमी लागतो. पण भिंत फार पातळ असेल तर आतून काम करताना ती फाटण्याची आणि मूत्राशयाला इजा होण्याची भीती. म्हणून साधारण तीन मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त भिंत असेल तरच बरेच सर्जन हा मार्ग घेतात. शिवाय यात गर्भ निघतो, वणातली खोबण मात्र तशीच राहते.

बाहेरून जाण्याची मुख्य पद्धत म्हणजे पोटातून दुर्बिणीची शस्त्रक्रिया, लॅपरोस्कोपी. पोटावर तीन-चार लहान छिद्रं पाडून दुर्बीण आणि हत्यारं आत घालतात. जुन्या सीझरमुळे मूत्राशय गर्भाशयाला चिकटलेलं असतं. ते आधी हलक्या हाताने सोडवून खाली सरकवतात. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून रक्तवाहिन्या आकसणारं औषध टोचतात. काही सर्जन गर्भाशयाकडे येणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या तेवढ्यापुरत्या बंदही करतात. मग जुना वण उघडून गर्भ काढतात, वणाच्या जीर्ण कडा कापून टाकतात आणि ताज्या स्नायूला ताजा स्नायू जोडून नव्याने शिवतात. म्हणजे इथे गर्भही निघतो आणि भिंतीची डागडुजीही होते. भिंत पातळ, गर्भ बाहेरच्या बाजूला आणि पुढे मूल हवं, अशा वेळी याचा विचार प्रामुख्याने होतो. अर्थात त्यासाठी सराईत हात पाहिजेत.

हेच काम योनिमार्गातूनही करता येतं. गर्भाशयाच्या मुखाच्या पुढच्या बाजूला छेद घेऊन, मूत्राशय वर सारून थेट वणापर्यंत पोचतात, गर्भ काढतात आणि भिंत शिवतात. पोटावर एकही छिद्र नाही. पण जागा अरुंद, त्यामुळे या वाटेची सवय असलेल्या सर्जननेच ते करावं.

आणि जुनी, खात्रीची वाट म्हणजे पोट उघडून शस्त्रक्रिया. भिंत फाटली असेल, रक्त वाहत असेल, दुर्बिणीची सोय नसेल, तर तीच योग्य. लोकांना वाटतं की दुर्बिणीचं ते पुढारलेलं आणि पोट उघडणं मागासलेलं. तसं नाही. जीव वाचवताना जे हाताशी आणि हातात बसलेलं, तेच चांगलं. सगळ्यात शेवटचा उपाय म्हणजे गर्भाशय काढणं. कुठल्याच उपायाने रक्त थांबत नसेल, तर तोही जीव वाचवणाराच उपाय असतो.

याशिवाय काही जोडीच्या गोष्टी आहेत. मांडीतल्या किंवा हातातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून गर्भाशयाच्या धमन्या आतून बुजवतात, म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त कमी जातं. मेथोट्रेक्सेट नावाचं इंजेक्शन सोनोग्राफीत पाहून थेट गर्भाच्या पिशवीत देतात, त्याने गर्भाची वाढ थांबते. नुसतं दंडावर किंवा कमरेवर ते इंजेक्शन देऊन घरी पाठवणं मात्र अशा गर्भात पुरेसं ठरत नाही, असं आता तज्ज्ञ सांगतात. त्यात बरेच आठवडे जातात आणि मध्येच रक्तस्राव सुरू होण्याची टांगती तलवार राहते.

भाचीची भिंत दोन मिलिमीटरची आणि गर्भ मूत्राशयाच्या बाजूला. म्हणून दुर्बिणीची शस्त्रक्रिया ठरली. संमतीपत्र समोर आलं. जावई परगावी नोकरीला, गाडीत बसलेले, पोचायला रात्र होणार. नात्यातले एक गृहस्थ म्हणाले, नवऱ्याची सही झाल्याशिवाय कसं करणार? डॉक्टरबाई म्हणाल्या, “सही तिची लागते. ती सज्ञान आहे.” ते कायद्याला धरूनच होतं. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची मागितलेली नाही. बायकांना हे ठाऊक असावं, आणि नवऱ्यांना तर जरूर असावं. अशा वेळी दोन-चार तास फार महाग पडू शकतात.

त्या कागदावर एक ओळ अशीही होती की गरज पडल्यास गर्भाशय काढावं लागेल, त्यालाही संमती आहे. भाचीने ती ओळ दोनदा वाचली. मला म्हणाली, “मामू, हे लिहिलंय ते खरंच करतील का?” मी काय सांगणार? म्हणालो, “वाचवायचाच प्रयत्न करणार आहेत. पण तू आधी.” तिने सही केली. तिच्या भावाने आणि त्याच्या दोन मित्रांनी रक्त दिलं. रक्ताच्या बाटल्या तयार असल्याशिवाय अशा शस्त्रक्रियेला हात घालत नाहीत.

बाहेर बाकावर बसलेल्या आपाच्या हातात तसबीह होती. माझ्या हातात काहीच नव्हतं. कवी माणूस, शब्दच चाळत बसलो. अरबीत गर्भाशयाला ‘रहिम’ म्हणतात, आणि दया या अर्थाचा ‘रहम’ हा शब्द त्याच मुळातून आला आहे. हे मला पुस्तकातून पूर्वीच ठाऊक होतं. त्या दोन तासांत ते पहिल्यांदा समजलं.

गर्भाशय वाचलं. डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या, वण काढून नवीन शिवला आहे. आपा रडली, आणि थोड्या वेळाने पुन्हा वेगळी रडली. पहिलं रडणं मुलीसाठी होतं, दुसरं त्या ठोक्यांसाठी. गर्भ जागा चुकलेला असला, तरी घराने त्याला दिवस राहिल्यापासून आपलं मानलेलं असतं. अशा बाईला ‘सुटलीस बाई’ एवढंच म्हणून भागत नाही. तिला रडू द्यावं. मूल गेलेल्या बाईसारखंच तिचं दुखणं असतं.

शस्त्रक्रियेनंतरही काम संपत नाही. रक्तातलं गर्भारपणाचं संप्रेरक, बीटा एचसीजी, हळूहळू उतरत शून्यावर यावं लागतं. तोवर पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. बाईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनविषयी डॉक्टरांना विचारावं. पुन्हा लगेच दिवस राहू नयेत यासाठी खात्रीचं साधन वापरावं, ते कोणतं आणि किती काळ हे डॉक्टर सांगतील. पुढच्या वेळी गर्भ पुन्हा वणात रुजण्याची शक्यता असते, म्हणून दिवस राहिले की लगेच तपासणी.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगितलं, ती. ज्या बाईचं आधी सीझर झालेलं आहे तिने पुन्हा दिवस राहिले की लवकर, म्हणजे सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी करून घ्यावी. पाळी चुकल्यावर दोन-तीन आठवड्यांतच. बरं वाटतंय, काही त्रास नाही, म्हणून थांबू नये. वणात गर्भ असूनही पुष्कळ जणींना सुरुवातीला काहीही त्रास होत नाही. आणि घाई याच्यासाठी की पुढे गर्भ मोठा होऊन पोकळीकडे सरकतो आणि मग तो साध्या गर्भासारखा दिसू लागतो. वणाची गोष्ट झाकून जाते.

ही सोनोग्राफी योनिमार्गातून केली तर भिंत स्पष्ट दिसते. आपल्या बायका तिला संकोचतात, नकार देतात. त्यांना आधी नीट समजावलं तर नकार कमी होईल. पडणारा गर्भ आणि वणातला गर्भ यांतला फरकही तिथेच कळतो. पडणारा गर्भ सुटलेला असतो. त्याच्याभोवती रक्ताचा प्रवाह दिसत नाही, हलकेच दाबलं तर तो सरकतो. वणातला गर्भ जागचा हलत नाही आणि त्याच्याभोवती रक्त जोरात खेळत असतं. सोनोग्राफीच्या आधी भरून घेतात त्या फॉर्मलाही घाबरू नये. तो लिंगनिदान रोखण्यासाठीच्या कायद्याचा आहे, प्रत्येक गर्भवतीचा भरला जातो.

आणि सोनोग्राफी करणाऱ्याला, तपासणाऱ्याला, गोळ्या लिहून देणाऱ्याला, कुणी विचारो न विचारो, आपण होऊन एक वाक्य सांगावं: “माझं पहिलं सीझर आहे.” बाई बेशुद्ध असेल किंवा घाबरलेली असेल तर तेच वाक्य नवऱ्याने, आईने, सासूने सांगावं. सीझरचं डिस्चार्ज कार्ड मूल मोठं झालं म्हणून रद्दीत घालू नये. माझ्या भाचीने तिची दोन्ही कार्डं आता रेशन कार्डाच्या पाकिटात ठेवली आहेत. पुढे मूल होऊ द्यायचं की नाही, ते तिचं ती ठरवील. पण ती कार्डं कुठे आहेत, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)